वीर्यतपासणीच्या रिपोर्टमागचे तीन महिने

विसाव्या शतकाच्या मध्याला चीनमधल्या कापूस पिकवणाऱ्या काही खेड्यांत डॉक्टरांना एक कोडे पडले होते. धडधाकट जोडप्यांच्या घरी वर्षानुवर्षे पाळणा हलत नव्हता. बायकांच्या पाळीत बिघाड होता. पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू अगदी थोडे होते, काहींच्या तर नव्हतेच. माग काढत काढत डॉक्टर चुलीपर्यंत पोहोचले, तेव्हा उलगडा झाला: ही घरे कच्च्या सरकीच्या तेलात स्वयंपाक करत होती. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळसर द्रव्य असते. कपाशीचे ते किडीपासून रक्षण करते. माणसाच्या पोटात मात्र ते रोज जात राहिले, तर वृषणातली शुक्राणूंची घडण बंद पाडते.

चिनी संशोधकांनी मग या दोषाचाच उपयोग करून पाहिला. १९७० च्या दशकात आठ हजारांहून अधिक पुरुषांना संततिनियमनासाठी गॉसिपॉलच्या गोळ्या देण्यात आल्या. गोळी लागू पडली. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम इतके घसरले की हातापायांतली ताकद गेली, आणि अनेकांचे शुक्राणू गोळी बंद केल्यावरही परतले नाहीत. अखेर जागतिक आरोग्य संघटनेनेही या औषधाचा नाद सोडला.

विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातल्या वाचकाच्या मनात इथे लगेच शंका येईल, म्हणून आधीच सांगायला हवे: बाजारात मिळणाऱ्या रिफाइंड सरकीच्या तेलातून गॉसिपॉल काढून टाकलेले असते. गाई-म्हशींना सरकी पेंड चालते, कारण त्यांच्या पहिल्या पोटात ते बरेचसे निष्प्रभ होते. घाबरण्याचे कारण नाही. मात्र पुरुषाच्या ताटातली गोष्ट थेट त्याच्या वृषणापर्यंत पोहोचू शकते, हे त्या खेड्यांनी फार मोठी किंमत देऊन दाखवून दिले.

आपल्याकडे मूल होत नाही म्हटले की पहिली रवानगी सुनेची होते. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारी दुखरी तपासणी, सोबतीला नवस, उपवास आणि हळदीकुंकवातले टोमणे. मुलग्याचा नंबर कधी वर्षाने लागतो, कधी लागतच नाही. आकडे वेगळे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातल्या दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा पत्नीच्या कारणासोबत असते. पुरुषाची प्राथमिक तपासणी स्वस्त आहे, त्यात सुई नाही, भूल नाही. तरीही ती शेवटी होते. यात बाईचे शरीर तर सोसतेच, पण तिची उमेदीची वर्षेही वाया जातात, आणि ती भरून काढता येत नाहीत.

ही तपासणी होते तरी कशी? दोन ते सात दिवस संबंध टाळून, प्रयोगशाळेच्या एका बंद खोलीत, नावाची चिठ्ठी लावलेल्या रुंद तोंडाच्या डबीत नमुना द्यायचा. बहुतेक पुरुषांना संकोच वाटतो तो या खोलीचा. पुढचे काम तंत्रज्ञाचे. ताजे वीर्य घट्ट, जेलीसारखे असते. शरीराच्या तापमानाला ठेवले की साधारण अर्ध्या तासात ते पातळ होते. मग त्याचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सगळी काच हलत असते. काही शुक्राणू सरळ रेषेत पुढे जातात, काही जागच्या जागी शेपटी आपटतात, काही गोल गोल फिरतात, तर काही निपचित असतात. डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूकने १६७७ साली स्वतः घासलेल्या भिंगातून हीच धावपळ पहिल्यांदा पाहिली आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. आजचा तंत्रज्ञ चौकटी आखलेल्या काचेवर शुक्राणू मोजतो, कितींना गती आहे ते पाहतो, रंग देऊन त्यांचा आकार तपासतो.

रिपोर्ट हातात पडला की घरात एकच शब्द घुमतो, ‘काउंट’. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख, एकूण नमुन्यात ३ कोटी ९० लाख, गती असलेले ४२ टक्के आणि नीट आकाराचे ४ टक्के, अशा खालच्या मर्यादा दिल्या आहेत. शेवटचा आकडा पाहून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो: शंभरातले शहाण्णव बिघडलेले? पण या मर्यादा ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून काढल्या आहेत, आणि त्यांतले सर्वांत खालचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ ओढली आहे. रेघेखालचा पुरुष बाप होऊ शकत नाही, असा तिचा अर्थ नाही. रेघेवरच्यालाही तिने हमी दिलेली नाही. शिवाय एकाच माणसाचे दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने खूप वेगळे येऊ शकतात. म्हणून एका वाईट रिपोर्टवर निकाल लावू नये.

त्या डबीतला शुक्राणू आदल्या दिवशी तयार झालेला नसतो. वृषणात दोऱ्यासारख्या बारीक नलिकांचे वेटोळे असते. त्यांच्या भिंतीतल्या मूळ पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू घडायला साधारण ६४ ते ७४ दिवस लागतात. नंतर अधिवृषण नावाच्या लांबलचक नळीतून जाताना, आणखी आठवडा-दोन आठवड्यांत, त्याला पोहण्याची ताकद येते. सगळे धरून अडीच ते तीन महिने. शेतातल्या पिकाप्रमाणे आज जे काढणीला आले त्याची पेरणी मागच्या हंगामातली. मे महिन्यात टायफॉइड किंवा डेंग्यूने आठवडाभर सणकून ताप आला असेल, तर जुलैचा रिपोर्ट खराब येऊ शकतो, मग जूनमध्ये माणूस कितीही ठणठणीत असो. डॉक्टर मागच्या तीन महिन्यांत काय काय झाले हे खोदून खोदून विचारतात ते यासाठी.

शुक्राणू इतका नाजूक का, याचे उत्तर त्याच्या बांध्यात आहे. डोक्यात घट्ट गुंडाळलेला डीएनए, मानेपाशी ऊर्जा देणारी मायटोकॉन्ड्रिया आणि मागे शेपटी. इतर पेशींत असतो तसा पेशीरस त्याने घडणीच्या शेवटी जवळपास सगळा टाकून दिलेला असतो, आणि त्याबरोबर बचावाची बरीच रसायनेही. वर त्याच्या आवरणात डीएचएसारखी असंतृप्त मेदाम्ले खच्चून भरलेली. त्यांच्यामुळे आवरण लवचीक राहते, पण ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंना ती पटकन बळी पडतात. जॉन मॅक्लाऊड या अमेरिकी संशोधकाने १९४३ मध्येच दाखवले होते की भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलेले शुक्राणू आपली गती गमावतात. धूर, तंबाखू, जुनाट सूज, लठ्ठपणा हे सगळे याच उपद्रवी रेणूंची संख्या वाढवतात.

जगभर शुक्राणू घटत चालले आहेत का, हा वाद आता तीस वर्षांहून जुना आहे. १९९२ मध्ये कोपनहेगनच्या नील्स स्काकेबेक यांच्या गटाने ६१ अभ्यासांची गोळाबेरीज करून सांगितले की १९४० ते १९९० या काळात सरासरी संख्या मिलिलिटरमागे ११ कोटी ३० लाखांवरून ६ कोटी ६० लाखांवर आली. २०१७ मध्ये हगाई लेव्हिन आणि शॅना स्वान यांच्या चमूने पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ दरम्यान निम्म्याहून जास्त घट दाखवली. टीकाकारांचा आक्षेप मोजणीवर आहे: जुन्या पद्धती वेगळ्या, तपासलेले पुरुष वेगळे, तुलना कशी करायची? या आक्षेपात तथ्य आहे. पण मूल हवे असलेल्या एखाद्या जोडप्याला या वादाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही, कारण स्वतःच्या तीन महिन्यांत काय बदलता येईल याबद्दल पुष्कळ काही पक्के ठाऊक आहे.

आणि त्यातले बहुतेक सोडण्याचे आहे. विकत घेण्याचे फार थोडे.

सुरुवात तंबाखूपासून करावी लागेल. सिगारेटने शुक्राणूंची संख्या आणि गती दोन्ही कमी होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. महाराष्ट्राचा प्रश्न मात्र धुराचा कमी आणि चघळण्याचा जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले जेमतेम ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, पण २४.४ टक्के लोक धूररहित तंबाखू घेणारे: तळहातावर चुना लावून मळलेली चिमूट, मावा, विदर्भातला खर्रा, बंदी असूनही मिळणारा गुटखा. ‘मी सिगारेट ओढत नाही, डॉक्टर’ असे सांगणाऱ्याच्या गालात त्या क्षणीही तंबाखू असू शकते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या ६३८ भारतीय तंबाखू चघळणाऱ्यांचे, दिवसातून किती वेळा चघळतात त्यावरून गट पाडले होते. जितके चघळणे जास्त, तितका रिपोर्ट वाईट. तोंडातून रक्तात गेलेले निकोटिन वीर्यातही उतरते. ते कुठल्या वाटेने आले याने शुक्राणूला काही फरक पडत नाही. दारूचेही तसेच: रोजच्या मोठ्या मात्रेने यकृत आणि संप्रेरके दोन्ही बिघडतात, आणि वृषण आक्रसतात.

उष्णतेचा हिशेब वेगळा. वृषण शरीराबाहेर असतात, कारण त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी तापमान लागते. थंडीत पिशवी आकसते, उन्हात सैल पडते, आणि तिथल्या शिरांचे जाळे आत येणारे रक्त थंड करते. ही व्यवस्था माणूस नकळत मोडतो. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात २००५ मध्ये २९ तरुणांना मांडीवर चालू लॅपटॉप घेऊन तासभर बसवले, तर अंडकोशाचे तापमान अडीच अंशांहून जास्त चढले. त्यातला मोठा वाटा नुसत्या मांड्या जुळवून बसण्याचा होता! फ्रान्समध्ये गाडी चालवणाऱ्यांवर संवेदक लावून पाहिले, तेव्हा दोन-तीन तासांत सुमारे दोन अंशांची वाढ दिसली. इंजिनाशेजारी आठ-आठ तास बसणारा ट्रकचालक, कोल्हापूरच्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडापुढे उभा राहणारा कामगार, बेकरीत भट्टीशी काम करणारा माणूस, यांना ही उष्णता रोजची. नोकरी सोडा, असे त्यांना सांगणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे. दर तासाला उठून दहा मिनिटे वाऱ्याला उभे राहणे, सैल सुती कपडे घालणे आणि मूल हवे असेल त्या काळात शक्य तर पाळी किंवा जागा बदलून मागणे एवढे होऊ शकते, आणि मालकांनीही ते मनावर घ्यायला हवे.

दिलाशाची बाब ही की उष्णतेचा मार बहुधा भरून येतो. इटलीत पादुआच्या संशोधकांनी दहा निरोगी पुरुषांना तीन महिने आठवड्यातून दोनदा सौनाच्या तापलेल्या खोलीत बसवले. शुक्राणूंची संख्या आणि गती घसरली; सौना थांबवल्यावर सहा महिन्यांत दोन्ही पूर्ववत झाल्या. अंतर्वस्त्रांचा हार्वर्डचा २०१८ चा अभ्यासही याच दिशेचा: ६५६ पुरुषांपैकी सैल बॉक्सर वापरणाऱ्यांत शुक्राणूंचे प्रमाण २५ टक्क्यांनी अधिक होते. मोबाइलचे चित्र मात्र धूसर आहे. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे २,९०० तरुणांत फोन वारंवार वापरणाऱ्यांची शुक्राणूसंख्या कमी भरली, पण फोन पॅंटच्या खिशात ठेवण्याशी तिचा संबंध जुळला नाही.

आता तालुक्याच्या गावांतूनही पोहोचलेल्या एका नव्या धोक्याबद्दल. जिममध्ये दंड लवकर फुगावेत म्हणून पोरे टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जातीची इंजेक्शने घेतात. पुरुषी संप्रेरक घेतले म्हणजे पुरुषत्व वाढणार, असा साधा हिशेब त्यामागे असतो. शरीराचा हिशेब नेमका उलटा चालतो. बाहेरून संप्रेरक आले की मेंदूतली पिच्युटरी ग्रंथी वृषणाला काम करण्याचा निरोप पाठवणे बंद करते, आणि शुक्राणूंचे उत्पादन थंडावते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने तो गर्भनिरोधक म्हणून तपासला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचले, आणि त्यांतल्या १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या त्या पुरुषांत शुक्राणू पुढे परतले. जिममधली मात्रा याच्या कित्येक पट, त्यात तीन-चार औषधांची सरमिसळ, आणि सल्ला देणारा ट्रेनर. अशांना परतायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. काहींचे काम पूर्ववत होतही नाही. आणि डॉक्टरांपुढे ही गोष्ट लपवली जाते. बायको शेजारी बसलेली असताना इंजेक्शनांची कबुली द्यायला तो कचरतो, आणि तपासण्या भलत्याच वाटेला जातात. म्हणून जाणते डॉक्टर नवऱ्याला काही मिनिटे एकट्याला भेटतात.

सुटलेल्या पोटाचे काम सावकाश चालते. चरबीतले ॲरोमॅटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. मांड्यांच्या बेचक्यातल्या चरबीने उष्णता अडते. झोपेत घोरून श्वास अडखळत असेल तर रात्रीचे संप्रेरकांचे चक्रही विस्कटते. वजन उतरवल्याने फरक पडतो का? डेन्मार्कमध्ये लठ्ठ असलेल्या ५६ पुरुषांना आठ आठवडे दिवसाला फक्त ८०० कॅलरींच्या आहारावर ठेवले. सरासरी साडेसोळा किलो वजन उतरले आणि शुक्राणूंचे प्रमाण जवळजवळ दीडपट झाले. पुढे वर्षभर ज्यांनी वजन राखले त्यांची सुधारणा टिकली. ज्यांचे वजन परत चढले त्यांची गेली. ८०० कॅलरींचा आहार घरच्या घरी कुणी करू नये. तो वैद्यकीय देखरेखीतला प्रयोग होता.

रोजच्या जेवणाबद्दलचा पुरावाही डेन्मार्ककडूनच मोठ्या प्रमाणात आला. सैन्यभरतीच्या तपासणीला आलेल्या सुमारे तीन हजार तरुणांचा आहार पाहिला, तेव्हा मासे, चिकन, भाज्या, फळे आणि पाणी असे खाणेपिणे असणाऱ्यांची शुक्राणूसंख्या सर्वांत चांगली निघाली. पिझ्झा, चिप्स, प्रक्रिया केलेले मांस, गोड पेये यांवर जगणाऱ्यांची सर्वांत कमी. स्पेनमध्ये प्रत्यक्ष चाचणी झाली: ११९ निरोगी तरुण, त्यांतल्या निम्म्या जणांना १४ आठवडे रोज ६० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट. त्यांची शुक्राणूसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, गतीही सुधारली. ते मुळात निरोगी होते आणि चाचणीत बाळे मोजली नव्हती, हे विसरू नये. मराठी स्वयंपाकघराला यातून परदेशी काही आणावे लागत नाही. बांगडा आणि तारली यांत शुक्राणूच्या आवरणात असतात तशी ओमेगा-३ मेदाम्ले आहेत, जवसाच्या चटणीत त्यांचे वनस्पतिजन्य रूप आहे, आणि भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, ताक हे जेवण त्या डॅनिश ताटाच्या बरेच जवळ जाते. अडचण चारच्या सुमाराला येते, चहासोबतच्या वडापावात आणि फरसाणाच्या पुडीत.

गोळ्यांचे काय? झिंक, फॉलिक ॲसिड, जीवनसत्त्व ई, लायकोपीन, कार्निटिन यांची मिश्रणे महिनोन्‌महिने लिहून दिली जातात आणि त्यांचा खर्च एखाद्या घराच्या किराण्याइतका होतो. झिंक शुक्राणूंना लागते, यात शंका नाही. पण झिंकची कमतरता भरून काढणे वेगळे आणि सगळ्यांनाच ते वरून देणे वेगळे. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०२० मध्ये आला. अर्ध्या पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. खऱ्या गोळीच्या गटात ३४ टक्के जोडप्यांना मूल झाले, निष्क्रिय गोळीच्या गटात ३५ टक्के. वर झिंक घेणाऱ्यांत शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड थोडी अधिक आढळली आणि पोटाच्या तक्रारीही. त्याच वर्षी अनेक अँटिऑक्सिडंट एकत्र देणाऱ्या दुसऱ्या एका अमेरिकी चाचणीतही फायदा दिसला नाही. कर्ज काढून ‘शक्तिवर्धक’ विकत घेणाऱ्या कुटुंबांना हे आकडे कुणीतरी समजेल अशा भाषेत सांगायला हवेत.

जीवनशैली सुधारून सुटणार नाहीत अशीही कारणे पुष्कळ आहेत. वृषणाच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, साधारण १५ टक्के पुरुषांत असते आणि वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत ३५ ते ४० टक्क्यांत. रुग्णाला उभे करून हाताने तपासले की अनुभवी डॉक्टरला ते बहुधा कळते, आणि गरज असेल तिथे शस्त्रक्रियेने सुधारते. वयात आल्यावर झालेल्या गालगुंडांनी वृषणाला सूज येऊन गेलेली असू शकते. गुणसूत्रांत दोष असू शकतो, किंवा शुक्राणू तयार होऊनही वाट बंद असल्याने बाहेर येत नसतील. अशांना अक्रोड देऊन वेळ दवडणे हा अन्याय आहे. १९९२ मध्ये ब्रुसेल्समध्ये यशस्वी झालेल्या इक्सी तंत्रात एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडतात. तेव्हापासून यांपैकी अनेकांना स्वतःचे मूल होऊ शकते.

म्हणून वीर्यतपासणी पत्नीच्या तपासण्या सुरू होतात त्याच आठवड्यात व्हावी. रिपोर्ट कमी आला, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक नमुना द्यावा आणि तोही तसाच आला तर पुरुषवंध्यत्वाच्या तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावे. शुक्राणू मुळीच नसतील, तर हे लगेच करावे. तंबाखू, इंजेक्शने आणि वाढते वजन यांपैकी जे लागू असेल त्यावर पहिल्या दिवसापासून काम सुरू करावे आणि बदलाचा खरा रिपोर्ट तीन महिन्यांनी काढावा. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर मात्र प्रयत्नांना सहा महिने झाले की लगेच दोघांनी डॉक्टर गाठावा, आणि नवऱ्याचे तीन महिने पुरे होण्याची वाट पाहत तिचे उपचार अडवून धरू नयेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू राहू शकतात.